परत आलेली मुलं

संबोधी दाराशी येऊन उभी राहिली तेव्हा विशाखा लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तकं रचून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणत होती. पोरगी हाक मारत नसे. आईचं लक्ष जाईपर्यंत नुसती उभी राही.

“काय गं?”

“पाणी घेऊ का?”

“अगं, स्वतःच्या घरात पाण्याला काय विचारायचं!”

आवाज उगाच चढला, असं विशाखाला लगेच वाटलं. संबोधीने शहाण्यासारखी मान डोलावली आणि गेली. फ्रीज उघडल्याचा आवाज काही आला नाही.

पोरीला नांदेडहून इथे येऊन दोन महिने झाले होते. दीड वर्षाची असताना विशाखाने तिला आजीच्या मांडीवर दिलं आणि संशोधनासाठी फ्रान्स गाठलं. डॉक्टरेट झाल्यावर ती नवऱ्याकडे, प्रेमानंदकडे, मस्कतला आली, दार्सैतमध्ये हा फ्लॅट मिळाला, मग लेकीला आणलं. सहा वर्षांची लेक आली ती हट्ट नाही, रुसवा नाही, अशी. बिल्डिंगमधल्या बायका कौतुकाने बघत. विशाखाच्या मात्र ते कौतुक जिव्हारी लागे. गेल्या शुक्रवारी मवालेहच्या भाजी मार्केटात गर्दीत तिने हात पुढे केला, तर पोरीने भाजीच्या पिशवीचा बंद धरला.

मुलाखतीआधी प्रेमानंदचा साइटवरून फोन आला. मागे मशीन धडधडत होतं, त्यामुळे तो ओरडूनच बोलत होता.

“लिंक चालू झाली का? यल्ला, चल, ऑल द बेस्ट! तुझ्यासारखी दुसरी कोण मिळणार आहे त्यांना?”

“आणि खरंच मिळाली नोकरी तर?”

“तर काय? दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. संबोधीला परत नांदेडला ठेवू. आई आहेच की.”

आई आहेच. या दोन शब्दांच्या जोरावरच विशाखाची डॉक्टरेट झाली होती. तिने फोन ठेवला आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

फ्रान्समधल्या लियॉनच्या विद्यापीठातली तीन माणसं पडद्यावर आली. विशाखाचा विषय त्यांच्याच गावचा. अडीचशे वर्षांपूर्वी तिथल्या रेशीम विणणाऱ्या बायका मागावरचं काम सुटू नये म्हणून तान्ही बाळं लांबच्या खेड्यांत, दूध पाजणाऱ्या बायांकडे पाठवून देत. कितीतरी बाळं तिथेच दगावत. काही जुने इतिहासकार सरळ म्हणून मोकळे झाले होते, की या आयांना मायाच नव्हती. विशाखाने लिहिलं होतं, माया होती, इलाज नव्हता. हा मुद्दा ती इतक्या तावातावाने मांडी की प्रेमानंद चिडवायचा, “इतिहास लिहितेस, की कुणाचं वकीलपत्र घेतलंयस?”

बोलणं रंगत गेलं. चार वर्षांत कमावलेलं फ्रेंच आज जिभेवर कुठे अडखळत नव्हतं. नवी कागदपत्रं कुठे मिळाली, ती कशी वाचली, सगळं तिने नीट सांगितलं. तिघांतल्या तरुण प्राध्यापकाने तर ऑक्टोबरात रुजू होता येईल ना, हेही विचारून घेतलं. विशाखा हो म्हणाली. हो म्हणताना तिला आनंद झाला, आणि झाल्या आनंदाची लाज वाटली.

मग इतका वेळ गप्प बसलेल्या वयस्कर प्राध्यापिकेने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तुमचा लेख मी दोनदा वाचला,” ती म्हणाली. “मुलं घरी परत येतात तिथे तो संपतो. जी जगली, तीन-चार वर्षांची होऊन आईकडे आली, त्यांचं पुढे काय झालं?”

“त्याबद्दल कागद काही बोलत नाहीत, मादाम.”

“बोलत नाहीत, की तुम्ही विचारलं नाहीत?”

विशाखा उत्तराची जुळवाजुळव करत होती तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी खळ्ळकन फुटलं. त्यामागून पोरीचं रडणं ऐकू यायला हवं होतं. ते काही आलं नाही.

विशाखाने कान स्वयंपाकघराकडे ठेवून दोन-तीन वाक्यं कशीबशी पुढे रेटली, मग वाक्य अर्धवट टाकून ती तशीच उठली. कॅमेरा बंद करायचंही तिला सुचलं नाही.

सकाळी विशाखाने चहा पिऊन ओट्यावर ठेवलेला कप संबोधीने धुवायला घेतला होता. आता कपाचे तुकडे एका वर्तमानपत्रावर नीट गोळा करून ठेवलेले होते आणि पोरगी स्टुलावर चढून नळाखाली हात धरून उभी होती. सिंकमधलं पाणी लाल होत होतं. तिची हनुवटी थरथरत होती. डोळे भरले होते, पण ओठ गच्च मिटलेले.

“अगं बाई! बघू, बघू. किती खोल गेलंय! दुखतंय ना बाळा?”

मान हलली. दुखत होतं.

विशाखाने तिला उचलून उराशी धरलं. ते एवढंसं अंग ताठच राहिलं. आईच्या मुलाखतीसाठी घातलेल्या कुडत्याला डाग पडू नये म्हणून पोरीने रक्ताचा हात लांब धरला होता.

“मग रड ना गं. एवढं लागलंय, रडत का नाहीस?”

“आजीने सांगितलंय,” संबोधी हळूच म्हणाली, “लोकांच्या घरी रडायचं नाही.”