ॲक्सलची बुची

"पालथा घाल," मिस्त्री म्हणाला. "बसतो की नाही बघू."

त्याची सून जीपखालून बाहेर आली. जीप डोंगरावरच्या दवाखान्याची होती. पुढच्या ॲक्सलची दोन्ही टोकं झिजली होती, म्हणून मिस्त्रीने भंगारातून नव्या मॉडेलचा अख्खा ॲक्सल आणला. पण चाकांना फिरवणारा डिफरन्शियलचा गोळा जुन्या मॉडेलमध्ये उजवीकडे, नव्यात डावीकडे. गोळा उजवीकडे आणायची त्याची युक्ती सोपी होती : ॲक्सलच पालथा घालायचा.

"बाबा, मग फोर व्हील टाकल्यावर पुढची चाकं उलटी फिरतील," सून म्हणाली. "मागची पुढे ढकलणार, पुढची मागे. जुन्याची गोळ्यासकट नळी धडधाकट आहे. तीच ठेवू, नव्याची नुसती टोकं लावू. भोकं जुळतात, मी मोजलीत."

मिस्त्री नाकातून हसला. जगात त्याला पटणारं माणूस एकच, आणि ते रोज आरशात भेटे. नव्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे. बँकेत चिकटलेला मुलगा म्हणजे कारकुंडा. कुठल्या मॉडेलचं काय कशाला चालतं ते सून वहीत लिहून ठेवी, म्हणून तिचं नाव 'वही'.

"ए वही, पानं उलटणं वेगळं आणि पाना फिरवणं वेगळं," तो म्हणाला. मग समोरच्या टायरवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाला, "फोर व्हीलमध्ये ही जीप समोरची चढण चढली, तर तू गॅरेजची पायरी चढायची नाहीस. नाही चढली, तर मी पाना खाली ठेवीन."

त्याने स्वतः ॲक्सल पालथा बसवला. गोळ्याखालची तेल काढायची बुची त्यामुळे वर आली. "बरंच झालं, गळायची भीती नाही," तो म्हणाला आणि दोन दिवस बहिणीकडे निघून गेला.

तिसऱ्या दिवशी तो परतला, तेव्हा दवाखान्याच्या डॉक्टरने जीप न्यायला येऊन फोर व्हील टाकलं. चढण चिखलाने माखली होती. चारही चाकांनी एका दमात जीप वर नेली आणि डॉक्टरने ती सावकाश खाली आणून दारात उभी केली.

"बघितलंस?" मिस्त्री टायरवाल्याला म्हणाला. "शाळा शिकून अक्कल येत नसते. ये, बुची कुठे आलीय ती दाखवतो."

तो वाकला. बुची खाली होती. गोळ्यावर जीपचा जुनाच हिरवा रंग होता. टोकं तेवढी नवी.

त्याने नखाने तो रंग खरवडून पाहिला. उठला तेव्हा सून वही पिशवीत घालत होती. तिने चपला पायात सरकवल्या होत्या.

"पैज हरणार हे ठाऊक असून केलंस?" त्याने हळू विचारलं.

"या जीपमधून रोगी येतात, बाबा. आपल्या पैजेला त्यात जागा नाही."

टायरवाल्याने हसायला तोंड उघडलं. मिस्त्रीने त्याच्याकडे असं पाहिलं, की ते तसंच मिटलं.

"हसतोस काय? मी बसवलेला ॲक्सल चढण चढलाच नाही," मिस्त्री म्हणाला. त्याने पाना पुसला आणि सुनेच्या हातात दिला. "चपला काढ. आणि ती वही इकडे दे, वाचायचीय."