पांढरे शुभ्र

"हनुवटी वर करा, आई. आणि हात खाली. डोळ्याला हात अजिबात लावायचा नाही!"

सूनबाईंनी उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवला, पिळला आणि म्हातारीच्या डोळ्यावरून नाकाकडून बाहेर असा एकदाच फिरवला. बोळा टाकला. दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा. मग डॉक्टरांचे थेंब, मग मिटल्या पापण्यांवर गुलाबपाण्याची गार घडी. म्हातारी श्वास रोखून बसली होती. दुखत होतं म्हणून नव्हे. नवरा गेल्यापासून तिच्या चेहऱ्याला कुणी हातच लावला नव्हता.

एरवी या घरात तिची गणती सामानात व्हायची, तीही जागा अडवणाऱ्या. चष्म्याची काडी मोडली तेव्हा मुलानं "आणू, आणू" म्हणत दोन उन्हाळे काढले. शेवटी तिनं दोरा बांधून घेतला. पण डोळे आले आणि घराला पाझर फुटला. तिच्यासाठी वेगळा टॉवेल आला, चक्क कोरा. उशीचा अभ्रा रोज धुऊन उन्हात पडू लागला. दुपारी डोळ्यांवर काकडीच्या चकत्या. "आईच्या डोळ्यांना ताण नको," म्हणत मुलगा रंगात आलेली मॅच स्वतः उठून बंद करू लागला.

शेजारीण दारातूनच, पदर नाकाला लावून डोकावली. "नशीब काढलंत हो आजी! आमच्याकडे मी आंधळी झाले तरी विचारतील, चहा झाला का?"

म्हातारीला हसू आलं, आणि त्याच दुपारी मनात पापही आलं. जरासं चोळलं तर? आणखी चार दिवस निघतील. बोट पापणीपर्यंत गेलंसुद्धा. पण एवढं करणाऱ्या पोरीचे कष्ट मातीत घालायचे? ती स्वतःवरच चिडली, उठली आणि साबण लावून हात धुऊन आली.

डोळे निवळले. सकाळी सूनबाईंनी तिला खिडकीशी नेऊन पापणी खाली ओढून पाहिली.

"अहो, या लवकर! पांढरे शुभ्र झालेत!"

मुलगा धावत आला. त्यानंही वाकून पाहिलं, मोबाइलवर जवळून फोटो काढला, कुणाला तरी पाठवला. फोटोसाठी म्हातारी छान हसली होती.

लगेच फोन वाजला. बोलणं दोन वाक्यांत आटोपलं.

"धाकटा हो म्हणाला," मुलानं बायकोला सांगितलं, मग आईकडे वळला. "आई, आजपासून तू त्याच्याकडे. त्यांचं बाळ तान्हं आहे ना, म्हणून अडलं होतं सगळं. डोळे बरे झाल्याशिवाय आणू नका म्हणत होते."

"परत कधी यायचं?"

मुलगा मोबाइलमध्ये गाडी बघू लागला. सूनबाईंनी कॉटखालून बॅग ओढली. ती भरलेलीच होती.

म्हातारीनं समजल्यासारखी मान हलवली. मग मान हलायची थांबेना, आणि डोळे भरून आले.

सूनबाई बॅग टाकून कापूस घेऊन धावल्या.

"अहो, रडू नका आई! लाल दिसले तर दारातूनच परत पाठवतील तुम्हाला!"