बायकोचं बेट

होडीतून उतरल्यावर जे सांगायचं त्यानं ठरवलं होतं, ते तोंडून फुटलंच नाही. जाळं सांधत बसलेल्या बाईनं विचारलं, "गाव बघायला आलात?" आणि तो "हो" म्हणून बसला.

ती त्याच्या बायकोची थोरली बहीण. चेहऱ्यावरूनच त्यानं ओळखलं. तिनं मात्र त्याला कधी पाहिलं नव्हतं. लग्नाला त्यानं बेटावरच्या कुणाला बोलावलं नव्हतं आणि नंतर बायकोला कधी इकडे येऊ दिलं नव्हतं. मासे मारणाऱ्यांची सासुरवाडी सांगायची त्याला लाज वाटायची. आता बायको वारली होती. तेच सांगायला तो आला होता.

"चला, दाखवते. आमचा इतिहास काय, एका चकरेत संपतो."

जाळ्यांच्या शेडमध्ये भिंतीला वल्ही टांगलेली होती.

"एका वादळात गावातले कर्ते पुरुष सगळे बुडाले. मग आमच्या आज्यांनी होड्या काढल्या. तेव्हापासून इथं बाया समुद्रावर आणि पुरुष चुलीपाशी."

"पुरुषांना चालतं?"

"न चालून सांगतात कुणाला? खायचंय ना रोज!"

तो हसला आणि लगेच ओशाळला.

"हे वल्हं माझ्या धाकटीचं. तिच्यासारखा हात गावात कुणाचा नव्हता."

घरी बायको दोन्ही हातांत भरल्या बादल्या घेऊन आली की तो म्हणायचा, हमालासारखी काय चालतेस, लोक बघतात.

"येत नाही का ती?" त्यानं विचारलं. एवढं विचारून सगळं सांगून टाकायचं, असं त्यानं मनाशी धरलं.

"कशी येणार? नवरा अंथरुणाला खिळलाय तिचा. लग्न झालं त्याच वर्षी."

त्यानं नकळत आपल्या पायांकडे पाहिलं.

"आमच्या बाया शहरात मासळी विकायला जातात, तिथं येऊन भेटते. जरा बसते की उठलीच. म्हणते, त्याचं अंग पुसायचं राहिलंय. वर म्हणते, मला बेटावर न्यायचं त्याच्या फार मनात आहे, पण पायच उचलत नाहीत बिचाऱ्याचे. आधी आम्ही त्याला नाही नाही ते बोलायचो. हे कळलं आणि आमचीच मान खाली गेली."

तिनं पदरानं वल्ह्यावरची धूळ पुसली.

"असं बोलू नये, दादा, पण तो सुटला की ती येणार आहे. सगळं गाव त्याच दिवसाची वाट बघतंय."