दोनशे वर्षांचा काळपटपणा

"ठसा दुर्मीळ आहे," भिंगातून नजर न काढता अनिमेष म्हणाला. श्टुटगार्टच्या एका लिलावघरात जुनी अमेरिकन चांदीची नाणी पारखणं, हे त्याचं काम. "पण हा काळपटपणा दोनशे वर्षांचा नाही. कुणीतरी नाणं घासून चकचकीत केलं, मग उकडलेल्या अंड्यासोबत डब्यात ठेवून परत काळं केलं. असली लबाडी आम्ही घेत नाही." समोरचे आजोबा नाणं खिशात टाकून निघून गेले. असं कुणी ना कुणी रोज यायचंच. त्याचा जीव विटला होता.

तो घरी आला तेव्हा आई किचनमध्ये रांगोळीने नाणं घासत बसली होती. त्याने पहिल्या पगारातून घेतलेला, तसल्याच दुर्मीळ ठशाचा अर्धा डॉलर. त्यावरची बाई आईला लक्ष्मी वाटायची. घासून घासून कडेच्या चांदण्या आता बोटालाही लागत नव्हत्या.

"उद्या लक्ष्मीपूजन ना रे? किती काळी पडली होती बघ!"

"हो आई, उद्याच." बाहेर फेब्रुवारीतला बर्फ पडत होता.

"आता कशी लखलखतेय!" दिवसभरात ती पहिल्यांदाच हसली.

ती हात धुवायला उठली, तसं त्याने फ्रिजमधलं उकडलेलं अंडं कापून नाण्यासोबत डब्यात ठेवलं, झाकण घट्ट लावलं आणि तिला वास येऊ नये म्हणून डबा बाल्कनीत नेला. उद्या संध्याकाळपर्यंत लक्ष्मी पुन्हा काळी व्हायला हवी होती.