डाव्या हाताचा खडक

"खडक डाव्या हाताला ठेवायचा," सईबाई फोनवर म्हणाल्या. "डाव्याच. मला पक्कं आठवतं."

"तसंच केलं, आज्जी," पलीकडून नंदिता धापा टाकत म्हणाली. "वाट संपली. पुढं नुसती दरी आहे."

सईबाई तांबरमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. नात जवादूच्या डोंगरात होती. खडीच्या, मातीच्या वाटांवर चालवायची जाड टायरांची सायकल घेऊन ती आणि तरुण नावाचा तिचा ऑफिसातला मित्र डोंगर हिंडत. डांबरी रस्ता शक्यतो टाळायचा, जंगलातली विसरलेली वाट शोधायची, हाच त्यांचा छंद. या खेपेची वाट आज्जीनं सांगितलेली होती. सईबाईंचे अप्पा जंगलखात्यात कारकून होते, तेव्हा घरची सगळी बैलगाडीनं त्याच वाटेनं वरच्या गावाला जात. नंदितानं आज्जीला विचारून विचारून ती वाट फोनवरच्या नकाशावर बोटानं रेखली होती.

आता दुपार कलली होती. एका उतारावर तरुण पडला होता आणि त्याचं मनगट सुजलं होतं. एवढं उतरून आलेलं पुन्हा चढून जाणं त्याला जमणार नव्हतं. बाटलीत घोटभर पाणी होतं. अंधार पडला की या बाजूला अस्वलं फिरतात, असं खालच्या चहावाल्यानं सांगितलं होतं. गाव पुढं जवळच असायला हवं होतं, पण समोर घराएवढा खडक होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी वाट फुटत होती. एका बाजूची दरीत संपली. दुसरी काटेरी झुडपांत शिरत होती, ती पुढं जाते की तीही संपते, कळत नव्हतं. फोनवरचा नकाशा नुसता हिरवा दिसत होता.

सून श्रीदेवी ओले हात पदराला पुसत आली. तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि मुलीला आहे तिथंच थांबायला सांगितलं. मग फोनवर तळहात ठेवून सासूला हलक्या आवाजात म्हणाली की काल तुम्ही वॉचमनला तुमच्या भावाच्या नावानं हाक मारलीत, परवा सांबारात दोनदा मीठ घातलंत. तुमच्या आठवणीवर पोरीला काट्यांत कशी घालू?

सईबाईंनी डावा तळवा उघडून पाहिला. गाडी खडकाला इतकी चिकटून जायची की त्या हात लांब करून त्याला शिवत. खरखरीत, उन्हानं तापलेला दगड होता तो. तळव्याला अजून आठवत होता. मग चुकलं कुठं? की खडक दुसराच? की ती वाटच दुसरी, कुणाच्या लग्नाला जातानाची? त्या जितका विचार करत, तितका खडक या हाताचा त्या हाताला जाई.

"एवढं आठवतं तर सांगा, आत्याबाई," श्रीदेवी म्हणाली, "गाडीचे बैल कुठल्या रंगाचे होते?"

सईबाईंनी डोळे मिटले. बैल असणारच. त्या शोधू लागल्या. धूळ दिसली. चाकांच्या दोन रेघा दूर दूर जाऊन झाडांत नाहीशा होताना दिसल्या. आपले लोंबते पाय दिसले, त्यांतले तोरड्यांचे घुंगरूही दिसले. बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, पण त्या पाठीमागं. अप्पांचा खोकलाही पाठीमागून येत होता.

"बैल दिसत नाहीत," त्या म्हणाल्या.

श्रीदेवीला आपण उगाच विचारलं असं झालं. तिनं सासूच्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या. मी खालच्या पोलीस स्टेशनला फोन करते."

"दिसणार कसे गे? आम्ही पोरं गाडीच्या मागच्या टोकाला बसायची. पाय खाली सोडून. मागं तोंड करून."

सईबाई उठल्या. गाडी बाल्कनीकडे चालली आहे, असं त्यांनी सुनेला सांगितलं आणि बाल्कनीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मग डावा हात बाजूला लांब केला.

श्रीदेवी त्या हाताकडे बघत राहिली. मग ती सासूच्या शेजारी, बाल्कनीकडे तोंड करून उभी राहिली. पुन्हा एकदा हात पाहिला. आणि फोनकडे वाकली.

"नंदू, उजव्या हाताला. खडक उजव्या हाताला ठेव."

"काट्यांतून?"

"काट्यांतून. आज्जी म्हणतात."

"सरी, अम्मा. शिरते."

झुडपं मोडल्याचे आवाज आले. तरुण तमिळमध्ये कुणाला तरी शिव्या घालत होता, बहुधा सायकलीला. मग आवाज तुटला. श्रीदेवी दोनदा "नंदू, नंदू" म्हणाली. सईबाई अजून बाल्कनीकडे पाठ करूनच उभ्या होत्या.

"आज्जी." आवाज खरखरत परत आला. "इथं खाली कातळ आहे. त्यात चाकोरी आहे. दोन्ही चाकांची. झिजून खोल गेलेली."

श्रीदेवी खुर्ची ओढून फोनजवळ बसली.

"गाडीवाट आहे ही. पक्की," नंदिता म्हणाली. तिच्या सायकलीखाली खडी करकरायला लागली. "आता वळण येतंय. वळणापुढं काय आहे, आज्जी?"

"मला काय ठाऊक," सईबाई म्हणाल्या. "मला सगळं मागं पडल्यावर दिसायचं. तू बघ आणि मला सांगत जा."