कालव्यात जाणारं शेत

ज्वारी काढून झाली होती. कडब्याच्या पेंढ्याही बांधावर रचून झाल्या होत्या. मोकळ्या रानात कालव्याच्या आखणीचे चुना लावलेले दगड आता लांबूनही दिसत होते. सोमवारी खोदायला मशीन येणार होतं.

भिवाची लेक बेबीनंदा तिपाईवर कॅमेरा बसवत होती. चित्रं काढता काढता ती सिनेमाकडे वळलेली. पुण्याहून घनसावंगीपर्यंत एसटीत तिनं तो कॅमेरा लेकरासारखा मांडीवर धरून आणला होता. दुसऱ्यांच्या शेतांवर तिनं सिनेमे केले होते. आज बापाच्या रानात उभी राहिली तर सुरुवात कुठून करावी, तेच कळेना.

"बाबा, रोज करता तेच करा. माझ्याकडं बघू नका."

भिवानं धुतलेला पटका नीट केला. रानात गेला, वाकून एक दगड उचलला आणि बांधावर नेऊन टाकला. मग दुसरा.

"आता कशाला वेचता? सगळंच जाऊन राह्यलं की."

"तूच म्हनलीस ना, रोजचं करा म्हणून? हे गायरान व्हतं तवापासून हेच करत आलो."

कॅमेरा घरघरत राहिला.

दमल्यावर भिवा बाभळीखाली टेकला. मागे काळी जमीन, मधोमध बाप. तिला हवं होतं तसंच चित्र जमलं होतं. एवढ्यात तो सरकून एका अंगाला झाला.

"बाबा, कडंला गेलात. मधी बसा."

"मधी कसा बसू?" भिवानं शेजारच्या जागेवरचा पालापाचोळा हातानं बाजूला केला. "भाकर खायला तुझी माय हितंच बसायची. इसरलीस का?"

ती विसरली नव्हती. कौसल्याला जाऊन वर्ष झालं होतं. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

बेबीनंदानं डोळे पुसले. तिपाई उचलली आणि धसकटं तुडवत मागे गेली. भिंगातून पाहिलं. आणखी थोडी मागे सरली.

"जमलं का?" भिवानं तिथूनच विचारलं.

"बराबर जमलं, बाबा. आता दोघंबी येतेत."