सात नंबरचा कॅमेरा

सामान ठेवायला भाड्याने मिळणाऱ्या खोल्यांबाहेरचे पॅसेजमधले कॅमेरे पुसायला कॅमेरेवाला आला. सगळ्यांवर कोळ्यांची जाळी, सात नंबरचा मात्र लख्ख! तोच त्याने घाईत वाकडा बसवला होता. पॅसेजऐवजी तो थेट एका खोलीत डोकावत होता, म्हणून मालकाने त्याला फैलावर घेतलं होतं.

कॅमेरा सरळ करायला तो स्क्रू सैल करणार, इतक्यात काठीला फडकं बांधून ती खोली भाड्याने घेतलेल्या काकू आल्या.

"मी आले की पुसते रे त्याला. गेल्या महिन्यात आत चक्कर येऊन पडले, ते वॉचमनला यातच दिसलं. ज्याने बसवला ना, त्याच्या हाताला यश आहे बघ!"

खिशातला फोन वाजला. मालक विचारत होता, "केलास का सरळ?"

"तो बरोबर बसलाय, साहेब. पॅसेजला दुसरा लावतो, माझ्याकडून."